रिकाम्या पाळण्याची रजा

मूल मृतच जन्मले किंवा जन्मून काही तासांत दगावले, तर त्या मातेने कामावर केव्हा परतावे? सरकारी कार्यालयांतून हा प्रश्न वारंवार विचारला जात होता. अखेर २ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने आदेश काढून अशा महिला कर्मचाऱ्यास ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा दिली. जन्मापासून २८ दिवसांच्या आत झालेला मृत्यू व गर्भारपणाच्या २८ आठवड्यांनंतरचा मृतजन्म, दोन्हींना ती लागू आहे.

या आदेशाचे आम्ही स्वागत करतो. मात्र त्यातील अटी वाचताना मन अडखळते. दोनपेक्षा कमी अपत्ये हयात असतील तरच ही रजा मिळते. तिसरे बाळ गमावलेल्या आईचा पान्हा काय अपत्यांची संख्या मोजून आटतो? पित्याचा तर आदेशात विचारच नाही. ती छोटीशी शवपेटी हातांवर घेऊन दफनभूमीपर्यंत चालत जाणारा बहुधा तोच असतो, हे धर्मगुरू म्हणून आम्ही पाहत आलो आहोत.

खासगी नोकरीतील भगिनींसाठी १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा ठेवली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. इतकेच नव्हे, तर १९६१ च्या कायद्याने ‘बालक’ या शब्दाच्या व्याख्येत मृतजात बालकालाही सामावून घेतले होते. हे फार थोड्यांना ठाऊक असते. रजेसाठी पुरावा लागतो, म्हणून रुग्णालयाचे कागद शोकाच्या भरात टाकून देऊ नयेत, एवढे आम्ही आवर्जून सांगतो.

परंतु मूल सहा वर्षांचे असेल, सोळा वर्षांचे असेल तर? आपल्या देशात त्यासाठी स्वतंत्र वैधानिक रजा नाही. शिल्लक रजा आणि साहेबांची मर्जी, यांवरच सारे अवलंबून. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२० पासून अठरा वर्षांखालील मूल गमावलेल्या नोकरदार मातेला व पित्यालाही दोन आठवड्यांची रजा हक्काने मिळते. तेवीस महिन्यांचा जॅक २०१० मध्ये बुडून गेला, त्याच्या आईने दहा वर्षे हा प्रश्न लावून धरला. कायदा आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

दोन आठवडे पुरेसे नाहीतच. पण तेथे बापाला साहेबांपुढे हात जोडावे लागत नाहीत.