चिकटवलेले हसू

२८ मे २०२३ रोजी दिल्लीत नव्या संसद भवनाकडे निघालेल्या कुस्तीगीरांना पोलिसांनी ताब्यात घेतले. पोलिसांच्या बसमधील छायाचित्रात विनेश व संगीता फोगाट यांचे चेहरे गंभीर होते. लगोलग पसरलेल्या दुसऱ्या प्रतीत त्या हसत होत्या. ते हसू यंत्राने चिकटवलेले होते. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवरील लैंगिक छळाच्या आरोपांबाबत न्याय मागणाऱ्या स्त्रियांचा लढा त्यामुळे सहलीसारखा भासू लागला. तो तसा भासावा, हाच तर हेतू! फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतील मॉडेलचा देह बारीक वा जाड करून दाखविल्यास तशी सूचना छापावी लागते. कायदा योग्यच, पण बाजारापुरता. येथे तर स्त्रीची साक्षच पुसली गेली. अशी बनावट उघडकीस आल्यावर ती पसरविणाऱ्यांनी मूळ छायाचित्र तितक्याच ठळकपणे प्रसिद्ध करणे बंधनकारक असले पाहिजे.