रेझिस्टन्सच्या रेषेवर किती विसंबायचे?

५ मार्च २०२४ रोजी बिटकॉइनने ६९ हजार डॉलरचा, नोव्हेंबर २०२१ मधला उच्चांक ओलांडला आणि काही तासांतच भाव साठ हजारांच्याही खाली जाऊन आला. चार्टवाल्यांना यात रेझिस्टन्सचा, म्हणजे भावाला वर जाताना अडवणाऱ्या रेषेचा, वस्तुपाठ दिसला. दहा दिवसांच्या आत तोच भाव ७३ हजारांपुढे गेला, तेव्हा त्याला ब्रेकआउट, म्हणजे रेषा तोडून वर जाणे, म्हटले गेले. दोन्ही बाजूंनी बरोबर ठरणारे शास्त्र म्हणून याची थट्टा करणे सोपे आहे. पण रेझिस्टन्स हे निव्वळ थोतांड नाही. कॅरोल ऑस्लर या अर्थतज्ज्ञ बाईंनी परकीय चलनाच्या बाजारातल्या प्रत्यक्ष ऑर्डरी तपासल्या. नफा काढून घेण्याच्या ऑर्डरी पूर्णांकी भावांवर साचतात आणि तोटा थांबवण्याच्या, म्हणजे स्टॉपलॉसच्या, ऑर्डरी त्या भावांच्या किंचित पलीकडे, असे त्यांना आढळले. म्हणून भाव अशा आकड्यापाशी अडखळतो आणि तो एकदा पार झाला की सुसाट सुटतो.

म्हणजे ही रेषा लोकांनी लावून ठेवलेल्या ऑर्डरींची आहे, आणि ऑर्डरी मागे घेता येतात. आधीच्या तेजीच्या शिखराखाली बिटकॉइन जात नाही, हा चार्टवाल्यांचा लाडका नियम होता. २०१७ चे शिखर वीस हजारांच्या जवळपास होते. मे २०२२ मध्ये टेरा हे क्रिप्टोचलन कोसळले, जूनमध्ये क्रिप्टो ठेवी घेणाऱ्या सेल्सियस कंपनीने ग्राहकांचे पैसे काढणे थांबवले आणि तो सपोर्ट, म्हणजे भावाला खालून धरणारी रेषा, मोडला. सेल्सियसच्या तिजोरीत काय उरले आहे, हे चार्टवरच्या कुठल्याच कॅन्डलमध्ये दिसत नव्हते.

सगळेच ही रेषा मानतात म्हणून ती आपोआप खरी ठरते, असा युक्तिवाद हमखास होतो. तो अर्धा बरोबर आहे. पण सगळ्यांचे स्टॉपलॉस कुठे असणार, हे मग मोठ्या खेळाडूलाही कळते. जॉन ग्रिफिन आणि अमीन शम्स या संशोधकांनी २०१७ च्या तेजीतले बिटकॉइनचे व्यवहार तपासले, तेव्हा टेथर हे डॉलरशी बांधलेले क्रिप्टोचलन वापरून झालेली खरेदी पूर्णांकी भावांच्या जरा खाली वाढत असल्याचे त्यांना दिसले. चार्टवर तो लोकांनी दिलेला सपोर्ट वाटत होता. त्यांच्या निष्कर्षानुसार त्यामागे एकच बडा खेळाडू होता.

रेषेमुळे निदान शिस्त लागते, तोटा कुठे थांबवायचा ते आधी ठरते, हा दुसरा मुद्दा मला मान्य आहे. भारतात मात्र या शिस्तीची किंमत वेगळी पडते. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस, आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एका सौद्यात दहा हजार मिळाले आणि दुसऱ्यात दहा हजार गेले, तर हाती शून्य. तरी कर ३,१२० रुपये. शिस्तीने छोटे तोटे घेत राहणाऱ्यालाच हा नियम जास्त बोचतो. नफा-तोट्याची रक्कम सारखी धरली, तर नुसते बरोबरीत सुटायलाही शंभरातले साठेक सौदे साधायला हवेत, आणि यात एक्स्चेंजचे शुल्क धरलेलेच नाही. चार्टचे क्लास विकणारे हे गणित फळ्यावर क्वचितच मांडतात. त्यांची फी आगाऊ जमा झालेली असते. तेव्हा पुढची रेषा ओढण्याआधी आपले मागचे सौदे काढा आणि त्यातले शंभरात किती साधले ते मोजा. आकडा साठाच्या खाली असेल, तर हा धंदा बंद करा.