सातबारा त्याचा, कर्ज तिचे

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव हा कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगणारा तालुका. मृगाच्या तोंडावर येथील घराघरांत पैशाची जुळवाजुळव सुरू होते. पीककर्ज बहुधा पतीच्या नावे निघते. ते अपुरे पडले की पत्नीचे दागिने तारण जातात. तरीही भागले नाही, तर बचत गटाचे किंवा सूक्ष्म वित्तसंस्थेचे कर्ज तिच्या सहीने घरात येते. हा सारा पैसा एकाच शेतात पेरला जातो. संसार टिकून आहे तोवर तो कोणाच्या नावाचा, हा प्रश्न कोणी विचारत नाही. संसार मोडला की मात्र कागदावरचे नाव हेच सर्वस्व ठरते.

याचे कारण आपल्या कायद्यात आहे. विवाहानंतर दोघांच्या श्रमातून उभी राहिलेली मालमत्ता दोघांची, हे तत्त्व हिंदू विवाह कायद्याने स्वीकारलेले नाही. १९५५ च्या या कायद्यातील कलम २७ विवाहाच्या सुमारास मिळालेल्या आणि उभयतांच्या मालकीच्या ठरू शकणाऱ्या वस्तूंपुरतेच बोलते. शेत, घर, ठेवी ज्याच्या नावे, त्याच्याच राहतात. पत्नीला कलम २५ खाली पोटगी मागता येते. पण पोटगी हा निर्वाहाचा आधार आहे, मालकी नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आणि ते घर सासऱ्याच्या मालकीचे असले तरी हा हक्क मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही तो राहण्याचाच हक्क आहे. सातबाऱ्यावर त्याने नाव चढत नाही.

कर्जाची गोष्ट याहून कठोर आहे. कर्ज हा धनको आणि ऋणको यांच्यातील करार असल्याने घटस्फोटाचा हुकूमनामा बँकेला बांधत नाही. संयुक्त कर्जात संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल होऊ शकते. पतीच्या कर्जाला पत्नी जामीन राहिली असेल, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात अन्यथा नसल्यास, तिची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते आणि विभक्त झाल्याने ती संपत नाही. म्हणजे तिच्या सहीच्या कर्जातून पिकलेला कापूस त्याच्या शेतातला. हप्ता मात्र माहेरी परतलेल्या तिच्या दारात येतो.

शासनाच्या धोरणातही ही विसंगती दिसते. २०१७ च्या कर्जमाफीच्या मूळ निर्णयात पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले होते. सवलत देताना ज्यांना एक मानले, त्यांना मालकीच्या प्रश्नात मात्र कायदा स्वतंत्र ठेवतो.

शेजारच्या गोव्यात चित्र निराळे आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता उभयतांची समाईक ठरते आणि विभक्त होताना अर्ध्या वाट्याचा हक्क येतो. उर्वरित देशासाठी पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे विवाहविषयक दुरुस्ती विधेयक २०१० मध्ये आले, २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बारगळले.

अर्थात, केवळ अर्धा वाटा हा विदर्भातील कोरडवाहू शेतीवरचा उतारा नव्हे. चार एकरांचे दोन तुकडे केल्यास दोघांचेही पोट भरणार नाही आणि बँकेचा बोजा असलेल्या जमिनीचा वाटा म्हणजे कर्जाचाही वाटा. म्हणूनच मालमत्ता आणि कर्ज यांचा हिशेब एकत्र व्हायला हवा. कोणते कर्ज संसारासाठी काढले आणि कोणते व्यक्तिगत, हे ठरविण्याचे अधिकार न्यायालयाला स्पष्ट शब्दांत मिळाले पाहिजेत.

तोवर उपलब्ध साधने तरी वापरली जावीत. पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी शपथपत्रावर जाहीर करावीत, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये घालून दिला आहे. आपल्या नावावरील संसाराची कर्जे पत्नीने तेथे पुराव्यानिशी मांडावीत. पोटगीच्या रकमेचा बोजा पतीच्या स्थावर मालमत्तेवर ठेवण्याचा अधिकार कलम २५ मध्येच आहे. स्त्रीधन ही पत्नीचीच मालमत्ता; अडचणीत वापरले तरी पतीने ते परत केले पाहिजे, याचा पुनरुच्चार सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये केला. तेव्हा तारणाच्या पावत्या जपून ठेवलेल्या बऱ्या.

आणखी एक मार्ग संसार सुरळीत असतानाचा आहे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती आंदोलनानंतर, १९९२ पासून पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय महाराष्ट्रात आहे. शेतजमीन वा राहते घर पत्नीला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये, हा निर्णयही २०१५ चा. सोयी आहेत, पण त्या पतीच्या इच्छेवर अवलंबून आहेत. कर्जाच्या कागदावर पत्नीची सही घेताना जी तत्परता दिसते, तीच सातबाऱ्यावर तिचे नाव चढविताना दिसेल, तेव्हाच संसार दोघांचा म्हणता येईल.