मीठफुटीच्या रानात ऊस कशाला?

आमच्या शिरोळ तालुक्यात रानाला मीठफुटी झाली तरी माणूस ऊस सोडत नाही. उगवण विरळ, पानांची टोकं करपलेली, वाढ कमरेएवढी; तरी खोडवा राखायचा, कारण कारखान्याकडं नोंद आहे. मी म्हशी सांभाळते, म्हणून त्या रानाकडं वैरणीच्या नजरेनं बघते. तिथला ऊस मोडावा आणि गवत लावावं, हे माझं म्हणणं घरातल्या पुरुषमाणसांना अजून पटलेलं नाही.

मीठ गवतालाही बाधतंच. रान ओलं दिसतं, पण क्षार पाणी धरून ठेवतात आणि मुळांना ते ओढता येत नाही. वर सोडियम आत शिरतो नि पालाशची वाट अडवतो. मग फुटवे कमी, पानं आखूड, कापणी लांबलेली. पण सोसण्यात फार फरक आहे. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता १.७ डेसिसायमनच्या वर गेली की उसाचं उत्पन्न घटायला लागतं, मक्याचं १.८ ला, लसूणघासाचं २ ला. हरळी ६.९ पर्यंत दाद देत नाही. जिला आम्ही बायका जन्मभर खुरप्यानं उपटत आलो, तीच ही हरळी! कर्नाल गवत तर सामू १० असलेल्या चोपण जमिनीतही वाढतं आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पाणी साचणाऱ्या रानात पॅरा गवत चालतं. मात्र बी टाकत बसू नये, कारण कोंब फुटताना पीक मिठाला सगळ्यात हळवं असतं. पॅराच्या कांड्याच लावाव्यात.

पॅरा गवतात ऑक्झॅलेट असतं, ते जनावराच्या पोटात कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून कडबा आणि खनिज मिश्रण सोबत हवंच. पण उसाच्या वाड्यातही ऑक्झॅलेट असतंच की, आणि ते आपण हंगामभर बिनघोर घालतो.

शेजाऱ्यानं टाकलं म्हणून जिप्सम टाकण्याचीही आमच्याकडं रीत पडली आहे. जिप्सम चोपण जमिनीचं औषध. नुसत्या क्षारयुक्त जमिनीतले क्षार गोड्या पाण्यानं धुऊन निचऱ्यातून बाहेरच काढावे लागतात. हा निचरा एकट्याच्या आवाक्यातला नाही, कारण माझ्या रानातलं पाणी चार जणांच्या बांधावरून ओढ्याला जाणार. तो खर्च सरकारनं अख्ख्या शिवारासाठी उचलला पाहिजे, आणि लवकर.

तोवर दूध संघांनी एवढं तरी करावं: पशुखाद्याच्या गाडीबरोबर माती तपासणीच्या पिशव्या आणि या गवतांचे ठोंब गावोगाव पाठवावेत.