ड्राय क्लीनिंगचा ‘तो’ वास स्वच्छतेचा नाही

लग्नसराई संपली की पैठण्या, शालू, शेरवान्या आणि ब्लेझर ड्राय क्लीनिंगला जातात. चार दिवसांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून परत येतात. पिशवी उघडली की गोडसर, उग्र वास येतो आणि आपल्याला वाटते, कपडे किती स्वच्छ झाले! वाचकहो, हा वास कपड्यात उरलेल्या रसायनाचा असतो.

‘ड्राय’ या शब्दाने आपली दिशाभूल होते. कपडे भिजवले जातातच, फक्त पाण्याऐवजी तेलकट डाग विरघळवणाऱ्या द्रवात. जगभर यासाठी सर्वाधिक वापरले गेलेले रसायन म्हणजे परक्लोरोएथिलीन, म्हणजेच ‘पर्क’. ते पेट घेत नाही, म्हणून पेट्रोलसारख्या ज्वालाग्राही द्रवांच्या जागी ते आले. आपल्याकडे अनेक लहान लाँड्रीत आजही ‘पेट्रोल वॉश’ चालतो. त्यात आगीचा धोका आहे आणि वाफाही श्वासात जातातच.

पर्क शरीरात काय करते?

त्याची वाफ फुप्फुसांतून रक्तात जाते आणि चरबीत साठते. जास्त प्रमाणात गेल्यास डोके दुखते, गरगरते, मळमळते. दीर्घकाळ संपर्क राहिल्यास यकृत, मूत्रपिंड आणि मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. ते आईच्या दुधातही उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पर्कला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ अशा २ए गटात ठेवले आहे. प्राण्यांमधील पुरावा पुरेसा आहे. माणसांमधील पुरावा मर्यादित असून तो मुख्यतः ड्राय क्लीनिंग कामगारांच्या मूत्राशयाच्या कर्करोगाचा आहे.

“डॉक्टर, आम्ही वीस वर्षे कपडे देतोय, काही झाले नाही!”

खरे आहे. वर्षातून दोनदा साडी देणाऱ्याला धोका फार कमी असतो. उगाच घाबरू नका. पण हा युक्तिवाद ग्राहकाचा आहे. मशीनमधून कपडे काढणारा, गाळणी साफ करणारा आणि गरम प्रेस चालवणारा कामगार तीच हवा दिवसभर श्वासात घेतो, तीही बऱ्याचदा खिडकी नसलेल्या गाळ्यात. आपल्या ब्लेझरची किंमत तो स्वतःच्या शरीराने मोजतो. दुकानाच्या वर राहणारेही सुटत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये ड्राय क्लीनिंगच्या दुकानावरच्या घरांतील हवेत पर्क मोजले गेले आहे. पर्क पाण्यापेक्षा जड असते. त्याचा गाळ गटारात ओतला तर ते खाली झिरपत भूजलात पोचते आणि तिथे वर्षानुवर्षे राहते.

यावर उपाय नाही, असेही नाही. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये निर्णय घेऊन १ जानेवारी २०२३ पर्यंत ड्राय क्लीनिंगमधून पर्क हटवले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम जाहीर केला. पाणी, सौम्य डिटर्जंट आणि नियंत्रित मशीन वापरणारे ‘वेट क्लीनिंग’ हा चालणारा पर्याय आहे. आपल्याकडे मात्र पावतीवर ‘रंग गेल्यास जबाबदार नाही’ हे ठळक छापलेले असते. कोणते रसायन वापरले, हे मी एकाही पावतीवर वाचलेले नाही. बिस्किटाच्या पुड्यावर घटक लिहावे लागतात, मग अंगाला लागणाऱ्या कपड्याच्या पावतीवर का नकोत? ग्राहक विचारत नाहीत तोवर कोणी आपणहून लिहिणार नाही.

तुम्ही काय कराल?

१. दुकानदाराला विचारा: “कोणते सॉल्व्हंट वापरता? वेट क्लीनिंग करता का?”

२. एकदा नेसलेली साडी लगेच देऊ नका. सावलीत वाऱ्यावर टाका, मग घडी करा. खरोखर डाग पडला असेल तरच द्या. जरीची पैठणी मात्र घरी धुण्याचा प्रयोग नको.

३. सुती कपडे, बरेचसे पॉलिस्टर आणि बाळाची पांघरुणे पाण्यानेच धुवा. आधी लेबल वाचा.

४. कपडे आणताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा. घरी आल्यावर पिशवी बाहेरच काढा आणि कपडे एक-दोन दिवस बाल्कनीत टांगा. वास असेपर्यंत कपाटात ठेवू नका. पिशवी लहान मुलांच्या हाती देऊ नका, गुदमरण्याचा धोका असतो.

५. वास फार उग्र असेल तर कपडे परत करा. नीट वाळवले नसल्याची ती खूण आहे.

आणि तुम्ही स्वतः ड्राय क्लीनिंगच्या दुकानात काम करत असाल, तर डॉक्टरांना आपला व्यवसाय न विचारता सांगा. कामावर डोके जड होते आणि सुट्टीच्या दिवशी बरे वाटते, हे लक्षण महत्त्वाचे आहे. लघवीतून रक्त गेले, एकदाच आणि न दुखता गेले तरी, लगेच तपासणी करून घ्या. गरोदर आणि स्तनदा महिलांना मशीनजवळचे काम देऊ नये. मालकांनो, एक्झॉस्ट पंखा आणि योग्य हातमोजे हा खर्च तुमचा आहे, कामगाराचा नाही.

पुढच्या वेळी कपडे द्याल तेव्हा तो पहिला प्रश्न नक्की विचारा. दहा ग्राहकांनी विचारला, तर दुकानदाराला उत्तर शोधावेच लागेल.