आधी स्थिती, मग ससा-कासव

चक्र शोधण्याचा प्रश्न आला की आपल्या कोडिंगच्या सराववर्गांत पहिल्यांदा फ्लॉइडचे ससा-कासव शिकवले जाते: कासव एकेक पायरी चालते, ससा दोन-दोन, आणि चक्रात दोघे भेटतात. रीत देखणी आहे, पण सुरुवात तिथून करू नये, असे आमचे ठाम मत आहे. उत्तर बहुधा त्याच्या आधीच चुकलेले असते, कारण 'स्थिती' म्हणजे नेमके काय हेच ठरलेले नसते.

फिबोनाचीच्या संख्यांचे शेवटचे अंक लिहून पाहा: ०, १, १, २, ३, ५, ८, ३, १, ४. पहिल्या तिनानंतर पाच आला होता, दुसऱ्यानंतर एक आला. अंक परतला, स्थिती परतली नाही. पुढचा अंक लगतच्या दोन अंकांवरून ठरतो, तेव्हा स्थिती म्हणजे ती जोडी. अशा जोड्या शंभरच, त्यामुळे आवर्तन अटळ. ते ६० पायऱ्यांचे निघते. सिम्युलेशनच्या प्रश्नांतही फक्त पटावरचे चित्र साठवून पुढची चाल ठरवणारा काउंटर विसरला, तर सॅम्पल टेस्ट पास होते आणि लपवलेल्या टेस्टवर 'राँग आन्सर' येते.

दुसरी ठेच शेपटीची, म्हणजे चक्रात शिरण्याआधीच्या पायऱ्यांची. देवळालीच्या द. रा. कापरेकरांची प्रक्रिया घ्या: अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी. सगळे अंक सारखे नसले, तर चार अंकांत ती ६१७४ वर स्थिरावते, पाच अंकांत मात्र चक्रात शिरते. १२३४५ पासून ४१९७६, ८२९६२, ७५९३३, ६३९५४, ६१९७४ आणि पुन्हा ८२९६२. शेपटी दोनची, चक्र चारचे. १० च्या १८ व्या घाताइतक्या पायऱ्यांनंतरची संख्या विचारली, तर आधी शेपटीचे दोन वजा करायचे, मग चारने भागून बाकी काढायची. बाकी दोन, उत्तर ६३९५४. वजाबाकी राहिली की उत्तर १२३४५ येते, आणि ही संख्या तर पुन्हा कधी येतच नाही!

इथे स्थिती जेमतेम एक लाख. प्रत्येक संख्या प्रथम कितव्या पायरीला दिसली हे ॲरेत लिहिले की शेपटी आणि चक्र दोन्ही हाती येतात. ससा लागतच नाही. तो लागतो मेमरी अपुरी पडते तेव्हा, उदाहरणार्थ पोलार्डच्या १९७५ च्या 'ऱ्हो' अवयव पद्धतीत. तिथेही फ्लॉइड दर फेरीला फंक्शन तीनदा बोलावतो. ब्रेंटची १९८० ची रीत एकदाच. फंक्शन महागडे असेल तर ब्रेंटच घ्यावा.

स्थितींच्या एकाच आलेखावर लाखो प्रश्न असतील, तर मात्र चक्र न शोधता बायनरी लिफ्टिंग करावे, म्हणजे प्रत्येक स्थितीपासून १, २, ४, ८ अशा दुपटीच्या उड्या थराथराने आधीच साठवाव्यात: एक अब्ज पायऱ्यांना तीस थर पुरतात.