जुनी गाडी: घेताना, वापरताना, विकताना

घरात पहिली चारचाकी येते ती बहुधा जुनीच येते. आमच्या पेडगावातही तसेच आहे. शोरूममधून नवी गाडी आणणारे थोडे. बाकीचे कोणाच्या तरी ओळखीने, पुण्याकडची किंवा नांदेडकडची, एकदा-दोनदा हात बदललेली गाडी आणतात. आम्हीही पाच वर्षांपूर्वी अशीच एक डिझेल सेडान घेतली. मोठी डिकी, गारेगार एसी, नुकतेच पॉलिश केलेले अंग. अम्मीचे गुडघे दुखतात, तिला बसायला-उतरायला बरी, एवढाच आमचा विचार. पेडगावला रेल्वे स्टेशन आहे, पण पॅसेंजरची वेळ आणि आजारपणाची वेळ जुळेलच असे नाही.

घेऊन आठ महिने झाले होते. आपा बाळंतपणाला माहेरी आली होती. एका रात्री दोनच्या सुमारास तिला कळा सुरू झाल्या. धाकट्या भावाने गाडी काढली, अम्मी आणि आपा मागे बसल्या, मी पुढे. परभणीच्या वाटेवर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. भाऊ म्हणाला, "थोडंच राहिलंय, नेतो तशीच." मीही अडवले नाही. दोन-तीन किलोमीटरवर बोनेटमधून वाफ आली आणि इंजिन बंद पडले. भाजीचा माल घेऊन जाणारा एक टेम्पो थांबला म्हणून आपा दवाखान्यात वेळेवर पोहोचली. आई आणि बाळ सुखरूप, अल्हम्दुलिल्लाह. पण रस्त्याच्या कडेला अंधारात उभी असलेली अम्मी मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने इंजिन उघडले. रेडिएटरमध्ये कूलंट नव्हतेच, बोअरचे पाणी होते आणि त्याचा पांढरा खार जाळीत बसला होता. गळती दाबण्यासाठी कोणीतरी आत लीक-सीलची पावडरही टाकलेली होती. मिस्त्री म्हणाला, "भाईजान, हे हेड याआधी एकदा उघडलेलं आहे. विकणाऱ्याला ठाऊक होतं." त्या रात्री आम्ही गाडी तापलेली असताना हाकली, त्याने राहिलेले काम पूर्ण झाले. हेड वाकले, गॅसकेट जळाले. लेथवर हेड फेस करून घ्यावे लागले. पहिला दोष त्याचा, दुसरा आमचा.

तेव्हापासून मी गाडीची एक वही ठेवली आहे. त्या वहीतलेच या वेळी वाचकांसाठी देत आहे.

घेताना काय पाहावे

गाडी पाहायला सकाळी जावे आणि मालकाला आधीच सांगावे की सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन खरे बोलते. गरम करून ठेवलेल्या गाडीचे सकाळचे दुखणे लपते. इंजिन थंड असतानाच ऑइल भरण्याचे झाकण उघडून आतून पाहावे. तिथे दुधाळ, कॉफीसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शंका घ्यावी. रोज थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीत थंडीत थोडा ओलावा जमतो, म्हणून शंका आली की मिस्त्रीला दाखवावे. कूलंटच्या डब्यात रंगीत कूलंट आहे की गढूळ पाणी, तेही पाहावे. इंजिन चालू असताना त्या डब्यात सारखे बुडबुडे येत असतील तर हेड गॅसकेटचे काम निघण्याचा संभव आहे.

धुराचा रंग पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. डिझेल गाडीचा दाट काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर तुंबला आहे किंवा इंजेक्टर, टर्बोच्या पाइपांत बिघाड आहे. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत जाते आहे का, हे तपासून घ्यावे.

क्लच पाहण्याची सोपी रीत आहे. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये हळू चालवत एकदम रेस द्यावी. इंजिनचा आवाज वाढला पण गाडी पळाली नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे. ते काम गिअरबॉक्स उतरवून करावे लागते, म्हणून किंमत ठरवताना तो खर्च धरावा.

इंजिनला टायमिंग चेन आहे की बेल्ट, हे विचारावे. बेल्ट असेल तर तो ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या वर्षांनी बदलावाच लागतो. बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि सगळे इंजिन कामाला येते. बेल्ट बदलल्याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असेच समजावे.

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. गाडी 2019 ची आणि टायर 2022 चे असले तर मीटरवरचे पंचवीस हजार किलोमीटर खरे कसे, हा प्रश्न विचारावा. सर्व्हिसिंगची जुनी बिलेही मीटरशी ताडून पाहावीत.

वापरताना येणारी दुखणी

आपल्या भागात गाडीला तीन गोष्टी जास्त छळतात: ऊन, धूळ आणि खड्डे.

उन्हाळ्यात कूलंटची पातळी दर आठवड्याला पाहावी, तीही इंजिन थंड असताना. बोअरचे पाणी कधीच टाकू नये. त्यातल्या क्षाराने रेडिएटरच्या बारीक नळ्या बंद होतात. कूलंट तयार मिळते, किंवा घट्ट कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे मिसळता येते. काटा वर चढू लागला तर एसी बंद करावा, आतला हीटर पूर्ण चालू करावा आणि पहिली सुरक्षित जागा पाहून थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी तोंडावर येते. थांबल्यावर पंखा फिरतो की नाही, हे पाहावे. पुष्कळदा दोष पंख्याच्या फ्यूजचा किंवा रिलेचा असतो आणि काम थोडक्यात होते. थर्मोस्टॅट अडकणे, वॉटर पंप गळणे हीसुद्धा नेहमीची कारणे. पण काटा लाल असताना गाडी हाकली तर छोटे काम मोठे होते. हे आम्ही स्वतःच्या पैशाने शिकलो.

काळ्या मातीची धूळ एअर फिल्टर लवकर भरते. मायलेज कमी झाले की आधी फिल्टर काढून पाहावा. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठते, ते वेळोवेळी काढावे. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून लांब, एका वेगाने चालावी लागते. रोज गावातल्या गावात फिरणाऱ्या घराने अशी डिझेल गाडी घेताना दोनदा विचार करावा.

खड्ड्यांत पुढून खडखड येऊ लागली की लोक लगेच शॉकअप बदलतात. पुष्कळदा दोष लिंक रॉडचा किंवा लोअर आर्मच्या बुशचा असतो, आणि ते काम स्वस्त असते. मिस्त्रीला आधी तेच हलवून पाहायला सांगावे. टायर आतल्या बाजूनेच झिजत असेल तर अलाइनमेंट करून घ्यावी. सेडानचे पोट खाली असते. लग्नाला जाताना पाच जणांच्या गाडीत आठ जण बसवले की स्पीडब्रेकरवर इंजिनची ऑइलची टाकी घासते. ती फुटली आणि ऑइलचा लाल दिवा लागला, तर त्याच क्षणी इंजिन बंद करावे.

एसी थंड करेना की "गॅस संपला" म्हणतात. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो कुठून तरी गळतो. गळती न शोधता नुसता गॅस भरून घेतला तर पुढच्या उन्हाळ्यात तेच पैसे पुन्हा जातात.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे. आणि खेड्यात एक दुखणे कंपनीच्या पुस्तकात नसते: उंदीर. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीजवळ गाडी उभी असेल तर आठवड्यातून एकदा बोनेट उघडून वायरी पाहाव्यात.

विकताना

यंदा उन्हाळ्यात भावाच्या कॉलेजच्या फीसाठी आम्ही ती गाडी विकायला काढली. एक दलाल आला. गाडी धुऊन, इंजिनवर चमकणारा स्प्रे मारून दाखवा म्हणाला. "हेड उघडलंय हे कशाला सांगता? सरळ वीस हजार कमी येतील." भावाने माझ्याकडे पाहिले. खोटे कशाला बोलू, पण वीस हजार मलाही दिसत होते.

अब्बांनी परभणीच्या मोंढ्यात पस्तीस वर्षे आडत दुकानात मापाडी म्हणून काढली. ते म्हणाले, "बेटा, पोत्याच्या वर चांगलं सोयाबीन आणि आत भिजलेलं, असा माल मी रोज पाहिला आहे. आमच्या प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा काढून दाखवला होता, तो ओला माल वर का ठेवला नाही म्हणून विचारलं होतं. त्या रात्री तुझी बहीण रस्त्यावर उभी होती ती कोणाच्या गप्प बसण्यामुळे?"

मग आम्ही वहीतून एक कागद उतरवला. हेड कधी उघडले, क्लच कधी बदलला, कोणते टायर जुने, डाव्या मागच्या दाराला पुट्टी आहे, एसीच्या कॉइलमध्ये बारीक गळती आहे. तो कागद प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी द्यायचा. पहिले दोघे कागद वाचून निघून गेले. तिसरे मानवतकडचे एक शिक्षक. त्यांनी स्वतःचा मिस्त्री आणला, कागदाबरहुकूम सगळे तपासले आणि अठरा हजार कमी करून गाडी घेतली. फीसाठी उरलेले पैसे आम्ही दोन हप्त्यांत भरले.

कागदपत्रांचेही सांगतो. गाडी हातातून गेली की विषय संपला, असे समजू नये. फॉर्म 29 आणि 30 भरून आरटीओत नाव बदलल्याशिवाय विकणारा मोकळा होत नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदीवरच्या मालकावर आली. म्हणून नवे आरसी पाहिल्याशिवाय स्वस्थ बसू नये. घेणाऱ्याने विमा आपल्या नावावर करून घ्यावा. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवावे लागते. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा उतरवावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते त्याचे एक कारण हेही आहे.

मागच्या महिन्यात त्या शिक्षकांचा फोन आला. कूलंटची पातळी थोडी उतरली होती आणि कोणत्या रंगाचे टाकायचे ते विचारत होते. भावाने सांगितले, वर म्हणाला, "सर, पुढच्या प्रवासाआधी वॉटर पंप एकदा बघून घ्या." अब्बा शेजारीच बसले होते. त्यांनी वही मागितली आणि पुढच्या गाडीसाठी कोरे पान काढून ठेवायला सांगितले.